आकाराम हवालदाराचा गव्हर्नर

विट्याच्या पूर्वेला करंजवाडी म्हणून गाव आहे. चैत्रात तिथे जत्रा भरते, आणि त्या चार दिवसांत गावच्या रस्त्यावर आसामपासून केरळपर्यंतच्या नंबरप्लेटांच्या गाड्या उभ्या दिसतात. निम्म्या घरांतले पुरुष गलाईच्या धंद्यात आहेत. जुनं सोनं-चांदी आटवून शुद्ध करून द्यायचं, हा तो धंदा. कुणाचं दुकान जोरहाटला, कुणाचं त्रिचीला, कुणाचं जालंधरला. जत्रेला ही मंडळी आली की घरोघरी परमुलखातल्या मिठाया निघतात, साड्या निघतात, आणि बहुतेक प्रत्येक गाडीच्या डिकीतून एखाददुसरं पुडकं निघतं, ते आकाराम हवालदाराच्या घरी पोचवायचं असतं. वर्तमानपत्रात गुंडाळलेलं, सुतळीनं बांधलेलं, उचललं की गंज सांडणारं.

एखाद्या पुडक्यात नुसता दांडा, ग्रामोफोनला चावी द्यायचा. एखाद्यात साउंडबॉक्स, म्हणजे ज्यात सुई बसते आणि जिथून आवाज उमटतो ती गोल डबी. कधी त्या डबीतली अभ्रकाची फुटकी चकती, कधी दात पडलेलं चक्र. आणणाऱ्याला त्यातलं काही कळत नसे. "आबा, कामाचं असलं तर ठेवा, न्हाईतर द्या टाकून," असं म्हणून तो जत्रेत निघून जाई. आकाराम मात्र पुडकं सोडायच्या आधी हात धुऊन येई.

आकाराम हसबे अठराव्या वर्षी फौजेत भरती झाला. हातात कसब होतं म्हणून त्याला फौजेच्या कारखान्यात घेतलं, आणि दुर्बिणी, होकायंत्रं, घड्याळं दुरुस्त करण्याच्या कामावर बसवलं. चोवीस वर्षं त्यानं तेच केलं. ग्रामोफोन त्याच्या आयुष्यात आला तो जबलपूरला. ऑफिसर मेसमधला चावीचा ग्रामोफोन बंद पडला होता आणि तो भंगारात काढायचा कागदही तयार झाला होता. त्यावर सही व्हायच्या आत एका रविवारी आकारामनं परवानगी काढून तो उघडला.

आत त्याला पहिल्यांदा गव्हर्नर दिसला. चावी दिली की ग्रामोफोनची स्प्रिंग घट्ट गुंडाळली जाते आणि सुटताना यंत्राला पळवायला बघते. तिला मोकळं सोडलं तर तबकडी भोवऱ्यासारखी गरगरेल आणि अर्ध्या मिनिटात थांबेल. तिला आवरून धरतो तो गव्हर्नर. बोटाएवढा एक दांडा, त्याच्याभोवती पातळ पट्ट्यांवर बसवलेले तीन छोटे गोळे. वेग वाढला की गोळे बाहेर फेकले जातात, त्यांच्याबरोबर एक चकती ओढली जाते, ती चामड्याच्या तुकड्याला घासते, आणि वेग परत जागेवर येतो. तबकडी वाजत असेतोवर ही ओढाताण चाललेली असते, आणि ऐकणाऱ्याला तिचा पत्ताही नसतो.

त्या ग्रामोफोनच्या गव्हर्नरची एक पट्टी तुटली होती. आकारामनं बाद झालेल्या घड्याळाच्या स्प्रिंगेतून तशी पट्टी कापली, घासली, बसवली. संध्याकाळी मेसमध्ये गाणं वाजलं आणि कर्नलसाहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्याशी हात मिळवला. जवानाशी कर्नलनं हात मिळवायचा हा काही लहान मान नव्हे. पण आकारामच्या डोक्यात राहिले ते तीन गोळे. तेव्हापासून जिथं बदली होईल तिथला जुना बाजार तो पालथा घालू लागला.

नोकरी संपवून गावी आला तेव्हा त्याच्याजवळ दोन काळ्या ट्रंका होत्या. एकीत कपडे, दुसरीत ग्रामोफोनचे भाग. बायकोनं, हरणाबाईनं, नेमकी दुसरी उघडली.

"आवं, चोवीस वरसं सरकारची चाकरी केलीसा, आनि ह्ये भंगार आनलंसा व्हय?"

"ह्ये भंगार न्हवं," आकाराम म्हणाला. "भंगारात पडलं हुतं."

हरणाबाईला ते पटायला दोनेक वर्षं गेली. कराडजवळ माहेरी गेली असताना भावाच्या मळ्यात इंजिनात डिझेल ओतायला जे नरसाळं वापरत होते, त्याच्यावर तिची नजर पडली. पाकळ्या-पाकळ्यांचं, पितळेचं, काळंठिक्कर पडलेलं. भावाला बाजारातून प्लास्टिकचं नवं नरसाळं आणून देऊन तिनं ते जुनं नरसाळं लुगड्याच्या पिशवीत घातलं आणि करंजवाडीला आणून नवऱ्यापुढं ठेवलं. ग्रामोफोनचा अस्सल कर्णा होता तो. आकारामनं तो चिंचेनं घासला, तेव्हा आत कारागिरानं ठोकलेली बारीक नक्षी दिसू लागली. "माझ्या नजरंत बसला बगा," हरणाबाई पुढं कितीतरी दिवस येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होती.

गलाईवाल्यांची साथ मिळाली ती नाथाजीमुळं. नाथाजी आकारामचा शाळासोबती, जोरहाटला दुकान. त्यानं पहिल्यांदा तिथल्या जुन्या बाजारातून एक साउंडबॉक्स आणून दिला आणि आपल्या धंद्यातल्या भाऊबंदांना सांगून ठेवलं. पुढं मोबाइल आले, गलाईवाल्यांचा ग्रुप झाला, आणि आकाराम नुसता एक फोटो टाकायचा. आठवड्याभरात देशाच्या कुठल्या ना कुठल्या कोपऱ्यातून उत्तर यायचं.

या गोळा करण्याला त्याचा एक नियम होता. जे यंत्र वाजतं आहे, किंवा उद्या वाजू शकेल, त्यातला भाग काढायचा नाही. मेलेल्या यंत्राचंच घ्यायचं आणि जिवंत होऊ शकेल अशाला लावायचं. पाचगणीच्या एका हॉटेलवाल्याला भिंतीवर टांगायला नऊ कर्णे हवे होते. तो गाडी घेऊन दारात आला. आकारामनं त्याला चहा पाजला आणि म्हणाला, "सायेब, भितीवर टांगायचं तर पत्र्याचं करून घ्या. ह्यानला अजून वाजायचं हाय." हॉटेलवाल्याला राग आला असावा. तो निम्मा चहा ठेवूनच गेला.

दोन हजार एकोणीसच्या ऑगस्टात कृष्णा सांगलीत शिरली. आठवडाभर शहराचा मोठा भाग पाण्याखाली होता. पाणी ओसरल्यावर आकारामनं पेपरात फोटो पाहिला, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना लोकांनी घरातलं सामान टाकलेलं, गाद्या, कपाटं, वह्या. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं तो सांगलीला गेला. भाच्याकडं मुक्काम ठेवून अठरा दिवस तो चिखलातून फिरला. ढिगात ग्रामोफोन दिसला की आधी घरमालकाला शोधायचा आणि विचारायचा, "ह्यो खरंच टाकला का नाइलाजानं टाकला?" बहुतेकांनी नाइलाजानंच टाकला होता. अशी सहा यंत्रं त्यानं तिथल्या तिथं ओट्यावर बसून उघडली, धुतली, तेल दिलं आणि घरात परत पाठवली.

गावभाग या सांगलीच्या जुन्या वस्तीत एका दुमजली घरापुढं त्याला सातवं यंत्र दिसलं. कमरेएवढं उंच शिसवी कपाट, त्याच्या पोटात ग्रामोफोन. ते टाकलेलं नव्हतं. सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा एक तरुण फडक्यानं त्याच्यातला चिखल काढत होता आणि खुर्चीवर बसलेल्या एक वृद्ध बाई त्याच्याकडं बघत होत्या.

तरुणाचं नाव सम्मेद, हळदीचा व्यापारी. बाई म्हणजे त्याची आजी, प्रभावतीबाई. मुलींच्या शाळेत त्यांनी तीस वर्षं गाणं शिकवलं होतं, त्यामुळं सगळा गावभाग त्यांना नुसतं 'बाई' म्हणे. आकारामही तेच म्हणू लागला.

"वाजेल का हो?" बाईंनी विचारलं.

आकारामनं खालची फळी काढली. स्प्रिंग तुटली होती, तसली त्याच्या ट्रंकेत होती. चाकं शाबूत होती. पण गव्हर्नरला हात लावताच तिन्ही गोळे बिस्किटासारखे चुरून त्याच्या तळहातावर आले. ते कसल्यातरी पांढऱ्या मिश्रधातूचे होते, पाण्यानं पोखरले होते. मधला दांडाही गंजून खाल्ला गेला होता. आकारामनं तो पुसून डोळ्याशी धरला. दांड्यावर कोरलेला, चाकाच्या दातांत बसणारा पेच डाव्या हाताचा होता, म्हणजे उलट्या बाजूला वळत जाणारा. त्यानं आजवर शेकड्यानं गव्हर्नर हाताळले होते, सगळे उजव्या हाताचे. हे स्विस बनावटीचं यंत्र होतं आणि याचा पेच उलटा होता. दुसऱ्या कुठल्याच ग्रामोफोनचा भाग याला बसणार नव्हता.

त्यानं हे जसंच्या तसं सांगितलं. बाई उठल्या, आत गेल्या, आणि कापडात गुंडाळलेली एक तबकडी घेऊन आल्या. तिच्यावरचा कागद पाण्यात निघून गेला होता, पण काळी तबकडी धड होती.

"माझे वडील शाळामास्तर होते," बाई म्हणाल्या. "आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू. म्हणजे घरातले म्हणत, मी तीन वर्षांची असताना ते गेले. त्याच्या आधी मुंबईला जाऊन त्यांनी नेमिनाथांवरचं एक पद गायलं, त्याची ही तबकडी निघाली. दुसरी प्रत कुठं असल्याचं ऐकलं नाही. मला त्यांचा चेहरा आठवत नाही. आवाज एवढाच आहे."

"पुण्यात एका स्टुडिओत नेली होती मी," सम्मेद म्हणाला. "त्यांनी कॉम्प्युटरवर घेऊन दिली. आजी ऐकतच नाही."

"ऐकली की," बाई म्हणाल्या. "ते अण्णा नाहीत. सूर चढलेला आहे. आणि खरखर काढायच्या नादात त्यांनी श्वासही काढून टाकलाय. अण्णा ओळ उचलायच्या आधी श्वास घेतात. तो मी लहानपणापासून ऐकत आले."

आकारामला गाण्यातलं फारसं कळत नव्हतं. पण सूर चढला म्हणजे वेग चुकला, आणि वेग म्हणजे गव्हर्नर, हे त्याला लगेच कळलं. "बाई," तो म्हणाला, "मला वेळ द्या. मी ह्यो भाग आनतो." सांगून गेला खरा, पण एस्टीत बसल्यावर आपण काय शब्द देऊन बसलो याची त्याला धास्ती वाटली. पंचवीस-तीस वर्षांत जो भाग एकदाही डोळ्यांना दिसला नव्हता, तो आणायचं त्यानं एका ऐंशीला टेकलेल्या बाईंना कबूल केलं होतं.

गंजक्या दांड्याचा फोटो गलाईवाल्यांच्या ग्रुपवर गेला. पुढच्या तीन वर्षांत सतरा गव्हर्नर आले, हैदराबादहून, कानपूरहून, मदुराईहून. सतराच्या सतरा उजव्या हाताचे. मध्ये कोरोनाची दोन वर्षं गेली, जत्रा भरली नाही, पुडकी बंद झाली. दर दिवाळीला आकाराम बाईंना फोन करायचा आणि दर वेळी बाई गव्हर्नरविषयी एक अक्षर न विचारता हरणाबाईची आणि नातवंडांची चौकशी करायच्या. न विचारण्याचंच त्याला ओझं व्हायचं.

दोन हजार बावीसच्या डिसेंबरात नाथाजीचा जोरहाटहून फोन आला.

"आकाराम, घावला रं. उलट्या पेचाचा. सोता बगितला मी."

चहाच्या मळ्यात कारकुनी करून निवृत्त झालेले एक म्हातारे बाबू होते. त्यांच्याकडं हुबेहूब तसंच कपाट होतं. गव्हर्नर धड होता, साउंडबॉक्स मात्र कुणीतरी कधीच पळवला होता, त्यामुळं यंत्र फिरायचं पण बोलायचं नाही.

"मानूस लय चांगला हाय," नाथाजी म्हणाला. "वाजत तर न्हाईच म्हनतोय, न्या तुमी काडून. म्या सोडवून कुरिअरनं धाडू?"

तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते दारात आलं होतं. नाथाजीनं दोनदा हॅलो हॅलो केलं.

"नको," आकाराम म्हणाला. "त्येला निस्ता साउंडबॉक्स न्हाई. त्यो बसीवला की वाजंल. वाजनाऱ्याचं काडून कसं आनू गड्या? मीच येतो तिकडं."

"येऊन काय करशील?"

"माप घेतो."

घरात साउंडबॉक्स शोधून त्यात नवं अभ्रक बसवायचं काम सुनेनं, रेश्मानं केलं. तिचा हात हलका. कात्रीनं अभ्रक कापताना आकारामच्या हातून तीनांतली दोन फुटत, तिच्या हातून एकही फुटत नसे. तो साउंडबॉक्स, फौजेतून आल्यावर घेतलेला मायक्रोमीटर आणि हरणाबाईनं दिलेल्या दशम्या घेऊन पासष्टीचा आकाराम तीन दिवसांचा प्रवास करून जोरहाटला पोचला.

बाबूंच्या घरी त्यानं दोन दिवस मुक्काम केला. पहिल्या दिवशी गव्हर्नर काढून पांढऱ्या कापडावर मांडला आणि प्रत्येक माप तीन-तीनदा घेऊन वहीत उतरवलं. दांड्याची जाडी, पेचाची खोली, पट्ट्यांची लांबी. दुसऱ्या दिवशी सगळं होतं तसं परत बसवलं, रेश्माचा साउंडबॉक्स चढवला आणि चावी दिली. बाबूंच्या पत्नी स्वयंपाकघरातून ओल्या हातानं बाहेर आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. लग्नात आलेलं यंत्र होतं ते. त्यांची भाषा आकारामला कळत नव्हती. नाथाजीनं सांगितलं, त्या म्हणतायत की यांना आजचा दिवस ठेवून घ्या, मासे करते. माळकरी आकाराम हसला आणि डाळभात जेवला.

परत आला तो थेट मलकापूरला उतरला. कराडला लागूनच असलेल्या या गावात अर्जुनाचा लेथ होता. साखर कारखान्यांची आणि गुऱ्हाळांची कामं करण्यात त्याचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. आकारामनं वहीतलं चित्र त्याच्यापुढं धरलं.

"हवालदार," अर्जुना म्हणाला, "माज्या लेथवर चरकाचं शाफ्ट निगत्यात. ही दातकोरनी हाय."

"म्हनून तर तुज्याकडं आलोय. मोटं काम कुनीबी करंल."

अर्जुनाला ते झोंबलं. त्यानं चष्मा पुसून चित्र पुन्हा पाहिलं. पेच उलटा काढायचा तर लेथची चाकं उलटी जोडायला हवी होती, तो त्या दिवशी दुसरी कामं बाजूला सारून तेच करत बसला. पहिला दांडा कापतानाच वाकला. दुसरा निघाला पण पेच खरबरीत, बाईंच्या यंत्रातून काढून आणलेल्या चाकावर फिरवला तर मांजर शेपटीवर पाय दिल्यावर ओरडतं तसा आवाज. आकाराम दर आठवड्याला करंजवाडीहून येई, भिंगातून दांडा बघे, नकारार्थी मान हलवे आणि परत जाई. चौथ्या खेपेला अर्जुनानंच तो दाखवायच्या आधी मोडून टाकला. "तुमी न्हाई म्हनायच्या आत मीच म्हनलो," तो म्हणाला. पाचवा दांडा चांदीसारखा चकचकीत निघाला. आकारामनं तो बोटांत फिरवला, नखानं पेच चाचपला आणि अर्जुनाच्या खांद्यावर हात ठेवला. अर्जुनानं लेथ बंद केला आणि समोरच्या टपरीवरून सगळ्या कामगारांना चहा सांगितला.

राहिले तीन गोळे. ते तिन्ही अगदी सारख्या वजनाचे पाहिजेत, नाहीतर दांडा थरथरतो आणि आवाज हेलकावतो. हे काम नाथाजीनं अंगावर घेतलं. चैत्रात जत्रेला आल्यावर त्यानं परसात भट्टी पेटवली, मुशीत पितळ आटवलं आणि आकारामच्या साच्यात ओतलं. मग सोनं तोलायचा काटा काढून एकेक गोळा त्यावर ठेवला. केसाएवढा फरक निघाला तरी कानशीनं एक हात मारायचा आणि परत तोलायचं. आयुष्यभर दुसऱ्यांचं सोनं आटवणारा नाथाजी त्या पितळेच्या तीन थेंबांपुढं दोन दिवस बसला होता. जत्रेतली कुस्तीही बघायला गेला नाही. शेवटी काटा तिन्ही वेळा एकाच रेघेवर थांबला, तेव्हा त्यानं गल्लीतल्या गलाईवाल्यांना बोलावून तो दाखवला.

मे महिन्यात आकाराम गव्हर्नर घेऊन सांगलीला गेला. या वेळी हरणाबाईही बरोबर होती. "तुमी मागल्या टायमाला शब्द दिलासा, आता त्यो पुरा हुताना मला बगू द्या," असं ती म्हणाली आणि इरकल नेसून तयार झाली.

बाई आता त्र्याऐंशीच्या होत्या. काठी आली होती, पण पाठ ताठ होती. आकारामनं तासभर काम केलं. नवी स्प्रिंग, नवा गव्हर्नर, चामड्याचा नवा तुकडा, थेंब थेंब तेल. चावी दिली. तीन पितळी गोळे फिरू लागले आणि क्षणात एक सोनेरी कडं दिसू लागलं. आवाज नाही, थरथर नाही. सम्मेद वाकून बघतच राहिला.

"बाई," आकाराम म्हणाला, "वेग कमी-जास्त कराय हितं खिट्टी हाय. पर किती ठेवायचा? तुमाला मूळचा सूर म्हाईत हाय का?"

बाई विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "सम्मेद, माळ्यावरची पेटी काढ."

ती अण्णांचीच पेटी होती. माळ्यावर होती म्हणून पुरातून वाचली होती. "हीच ते मुंबईला घेऊन गेले होते," बाई म्हणाल्या. "तबकडीत मागं जी वाजते ती हीच. काळी दोनमध्ये गायचे ते." पेटीसमोर बसून त्यांनी डाव्या हातानं भाता हलवला आणि उजव्या हाताचं एक बोट काळ्या पट्टीवर ठेवलं. सूर खोलीत भरला.

आकारामनं सुई तबकडीवर टेकवली. आधी खरखर, मग तबकडीतली पेटी वाजू लागली. ती बाईंच्या पेटीपेक्षा वर होती, हे हरणाबाईलाही कळलं.

"उतरवा," बाई म्हणाल्या. आकारामनं खिट्टी केसभर फिरवली. "अजून. अजून थोडं. थांबा."

दोन सूर एकमेकांत मिसळले. खोलीत एक पेटी वाजते आहे की दोन, ते सांगता येईना. आकारामनं खिट्टीवरचा हात काढला. तबकडीतल्या पेटीनं एक लहानशी जागा घेतली, थांबली, आणि एका माणसानं श्वास घेतलेला ऐकू आला. तेवढ्यात बाईंचा भाता थांबला. अण्णा गाऊ लागले.

तीन मिनिटांचं पद. गव्हर्नर फिरत होता आणि आकाराम गाण्याकडं कान आणि यंत्राकडं डोळे ठेवून उभा होता. शेवटच्या ओळीपर्यंत सूर कुठंही हलला नाही. तबकडी संपल्यावर सुई रिकामी फिरू लागली, ती त्यानं उचलली.

"आजी, आता?" सम्मेदनं विचारलं.

"आता तेच आहेत," बाई म्हणाल्या. पदरानं त्यांनी पेटीवरची धूळ पुसली. ती पुसून झाली तरी हात फिरतच राहिला. "आई सांगायची, शाळेत पोरांवर कधी ओरडायचे नाहीत. आवाजावरून पटतं." मग काठी घेऊन त्या उठल्या आणि आकारामपुढं येऊन त्यांनी हात जोडले.

आकाराम गांगरला. वयानं आणि मानानं मोठ्या बाई आपल्याला नमस्कार करतायत, काय करावं त्याला सुचेना. त्याचे पाय आपोआप जुळले, छाती ताठ झाली, आणि तो सावधानमध्ये उभा राहिला, कर्नलसाहेबांपुढंही उभा राहिला नसेल इतका कडक. "बाई, एकट्याचं न्हाई ह्ये," तो म्हणाला. "पेच मलकापूरच्या अर्जुनानं काडलाय. गोळं नाथाजीनं वतल्यात. माप आसामातलं हाय. मी निस्तं जुळीवलं."

"जुळवणं हेच तर सगळं," बाई म्हणाल्या. त्या जन्मभर तंबोरे जुळवत आल्या होत्या, त्यांना त्यातलं कळत होतं.

परतीच्या एस्टीत शेजारच्या सीटवरच्या माणसानं गप्पा काढल्या. पाव्हणं कुठलं, काय करता. आकाराम अशा वेळी 'मिलिटरीतनं रिटायर' म्हणून मोकळा व्हायचा, आजही तेच म्हणायला त्यानं तोंड उघडलं. पण खिडकीशी बसलेली हरणाबाई आधी बोलली.

"बंद पडल्याली यंत्रं बोलती करत्यात," ती म्हणाली. "साऱ्या मुलखात ह्येंच्यासारका दुसरा न्हाई." आणि पुन्हा खिडकीबाहेर उसाकडं बघू लागली. तासगाव येईपर्यंत आकाराम ते वाक्यच मनात घोळवत होता.

त्याला आता दोन वर्षं होऊन गेली. बाई दर रविवारी सकाळी तबकडी लावतात, चावी सम्मेद देतो. उलट्या पेचाची आणखी चार यंत्रं निघाली, दोन बेळगावला, एक फलटणला, एक इंदूरला. चारही यंत्रांचे दांडे अर्जुनानंच काढले, आणि आता तो पहिल्याच खेपेला काढतो. रेश्मानं घरात अभ्रक कापायला वेगळं टेबल मांडलं आहे आणि ट्रंकेतल्या प्रत्येक भागाची यादी तिनं मोबाइलवर चढवली आहे. सध्या आकाराम एका लाकडी कर्ण्याच्या मागं आहे. तसला कर्णा त्रिचीजवळच्या एका घरात असल्याचा निरोप आला आहे. त्याला कुठं कुठं वाळवी लागली आहे म्हणतात, म्हणून जायच्या आधी तो गावातल्या सुताराकडून सागाचे पातळ तुकडे तासून घेतो आहे.